‘आबा’ची कॅसेट ते लंडनचा जलसा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ॲबा-चाहत्यांचे अनुभव

गेल्या गणपतीत आमच्या टिळकवाडीतल्या घरी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि भाचरांनी मोबाइल स्पीकरला जोडला. कुठल्याशा गाण्यामागून ‘डान्सिंग क्वीन’ लागलं. शेजारच्या काकू, वय सदुसष्ट, मोदकाचं ताट हातात तसंच धरून थांबल्या. म्हणाल्या, "हे आमच्या कॉलेजातलं गाणं की!" आणि सगळं गाणं संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. वीस वर्षांपासूनची शेजारीण, पण ही ॲबाची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या स्वीडिश पॉप बँडची, माणूस आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून हे आमंत्रण. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात ॲबा ऐकणारी माणसं आहेत, गप्प बसून आहेत. लंडनचा अवतारांचा जलसा, म्हणजे बँडमधल्या चौघांची संगणकावर घडवलेली तरुण रूपं पडद्यावर गातात तो ‘ॲबा व्हॉयेज’ कार्यक्रम, कुणी पाहिला असेल तर त्यांनी लिहावं, फोनवर तुकडे पाहिले असतील त्यांनीही लिहावं, आणि ज्यांना तो प्रकारच पटत नाही त्यांनी तर नक्की लिहावं. आवडतं गाणं एकच सांगा. ते कुठे आणि कशावर ऐकलंत, तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते.

माझे वडील वर्षातून एकदोनदा गोव्याला जात. १९८१ च्या सुमारास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्यांनी एक कॅसेट आणली. कुणीतरी रेकॉर्ड करून विकलेली, वर नाव नाही. वडिलांनी चिकटपट्टी लावून निळ्या शाईने लिहिलं, ‘आबा’. घरात आजोबांना सगळे आबाच म्हणत, त्यामुळे आजोबांनी ती आपली म्हणून कपाटात ठेवून दिली. कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती, तिच्यावर वडिलांनी रेडिओवरून कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं भरून घेतली. कुमारजी आपल्या सुळेभावीचे, याचा वडिलांना फार अभिमान. आमच्या टेपरेकॉर्डरला एक बाजू संपली की आपोआप उलटी बाजू लागायची सोय होती. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘फर्नांडो’. ते विरत गेलं की खट् असा आवाज व्हायचा आणि तंबोरा सुरू व्हायचा. माझं सगळं लहानपण असं गेलं.

२०२३ मध्ये लेकीकडे लंडनला गेले तेव्हा तिने तिकिटं काढून ठेवली होती. पूर्व लंडनमध्ये ऑलिंपिक पार्कजवळ, पुडिंग मिल लेन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ते षटकोनी सभागृह. खास या एकाच कार्यक्रमासाठी बांधलेलं, सुटं करून दुसरीकडे नेता येईल असं. तीन हजार माणसं मावतात. २७ मे २०२२ ला इथे पहिला खेळ झाला. वीस गाणी, दीड तासाच्या थोडं वर.

चौघं जमिनीतून वर आल्यासारखी उभी राहिली: अग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि फ्रीडा. १९७९ सालची. आज ही चौघं सत्तरी ओलांडलेली आहेत हे माहीत होतं, हे चित्र आहे हेही माहीत होतं. पण अग्नेथाने मान वळवली तेव्हा कपाळावरची एक बट उशिरा हलली, आणि त्या बटेने मला फसवलं. त्यानंतर मी विचार करणं सोडून दिलं. बाजूला दहा वादकांचा जिवंत ताफा होता, त्यांचा ड्रम छातीत वाजत होता.

आणि ‘फर्नांडो’ संपलं. टाळ्या पडत होत्या आणि मी थांबले होते. कशासाठी, ते एक क्षण कळेना. मग कळलं, मी तंबोऱ्याची वाट बघत होते. लेकीने विचारलं, आई काय झालं? तिला तेव्हा सांगता आलं नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आवडतं गाणं अर्थात तेच.

उद्यमबागेजवळ राहणारा, एलईडी वॉल भाड्याने देण्याचा धंदा

ताई, बटेचं तुम्ही लिहिलाय ते वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही धंदेवाले नेमकं तेच बघतो.

मी लंडनला गेलो नाही. जाहिरातीचे तुकडे आणि तंत्राबद्दलच्या मुलाखती मात्र इतक्या वेळा बघितल्यात की पाठ झाल्यात. लोक त्याला होलोग्राम म्हणतात, तो होलोग्राम नव्हे. समोर प्रचंड एलईडी पडदा आहे, साडेसहा कोटी पिक्सेलचा. आमची लग्नातली वॉल चार मिलिमीटरची असते, म्हणजे एका दिव्यापासून दुसरा दिवा चार मिलिमीटरवर. जवळ गेलात तर चेहरा फुटून ठिपके दिसतात. त्यांच्याकडं ठिपका दिसत नाही.

पण खरी करामत पडद्यात नाही, दिव्यात आहे. हे मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत शिकलो. आपल्याकडं चित्ररथावर पोरं मावळ्यांच्या वेशात उभी राहतात, सजीव देखावा. एका मंडळानं दोन वर्षांपूर्वी मागं माझी वॉल लावून घेतली, तिच्यावर गडाचं चित्र. चित्रात ऊन डावीकडून, आणि रथावरचा हॅलोजन उजवीकडून. पोरं खरी, पण गडावर आहेत असं काही केल्या वाटेना. रात्रभर मला ते सलत होतं. पहाटे मिरवणूक संपताना हॅलोजन उचलून डावीकडं नेला आणि एकदम जमलं की! पोरगा गडावर उभारला.

लंडनमध्ये हेच केलंय, पाचशे फिरत्या दिव्यांनी. सभागृहातला खरा दिवा पेटला की चित्रातल्या माणसाच्या खांद्यावर त्याच बाजूनं, त्याच रंगाचा उजेड पडतो. छतावरून खाली आलेल्या दिव्यांची रांग पडद्याच्या आतही तशीच पुढं जाते. मग खरं स्टेज कुठं संपलं आणि चित्र कुठं चालू झालं, डोळ्याला शिवण सापडत नाही.

चौघांना स्टॉकहोममध्ये पाच आठवडे अंगाला चिकटणारे सूट घालून सगळी गाणी म्हणायला लावली, चेहऱ्यावर ठिपके, भोवती १६० कॅमेरे. म्हाताऱ्या हाडांना तरुण उड्या जमणार नाहीत म्हणून त्याच हालचाली तरुण कलाकारांकडूनही करून घेतल्या आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्या. हे काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीचं. एकूण खर्च १४ कोटी पौंड सांगतात.

आवडतं गाणं ‘नोइंग मी, नोइंग यू’. आमच्या पहिल्या वॉलची चाचणी घेताना तेच लावलं होतं. सुरुवातीचा तो ठेका लागला की स्पीकरात कुठं खरखर आहे ते लगेच कळतं, म्हणून अजून तेच लावतो.

खानापूर तालुका, सध्या इंग्लंडमध्ये नर्स

मी उभ्याचं तिकीट काढलं होतं, खालच्या फ्लोअरचं. रात्रपाळी करून, चार तास झोपून गेले. खाली तेराशेच्या आसपास माणसं उभी असतात. फोनवर चित्रीकरण करू नका असं सांगतात आणि लोक खरंच करत नाहीत. किती वर्षांनी मी एवढे मोकळे हात बघितले!

मी लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गायलेय, कोंकणी आणि मराठी दोन्ही. आमच्या क्वायरच्या बाई सांगायच्या, दोन बायका एकत्र गाताना एकीने दुसरीला झाकायचं नाही आणि दोघींनी मिळून तिसरा आवाज तयार करायचा. तो तिसरा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो ॲबात. अग्नेथाचा आवाज उंच आणि लखलखीत, फ्रीडाचा खालचा, जाड, उबदार. त्यांचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो यांची युक्ती मी मागाहून वाचली. तेच गाणं दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना टेपचा वेग किंचित बदलायचा. सुरात केसाएवढा फरक पडतो, आणि दोन बायका गातायत की वीस हे कळत नाही.

सभागृहात २९१ स्पीकर आहेत. ‘चिकितीता’च्या धृपदाला तो आवाज चारी बाजूंनी आला तेव्हा मला आमच्या गावच्या चर्चचं लाकडी छत आठवलं, पावसात त्याचा येणारा वास आठवला. माझ्या बाजूला एक साठीच्या गोऱ्या बाई होत्या. त्यांनी न विचारता माझा हात धरला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

त्या गाण्याबद्दल एक सांगते. जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युनिसेफसाठी कार्यक्रम झाला, तिथे त्यांनी हे गाणं म्हटलं आणि त्याची अर्धी रॉयल्टी मुलांसाठी देऊन टाकली. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. म्हणून माझं गाणं हेच.

हिंडलगा, निवृत्त सैनिक, पलटणीच्या बँडात साइड ड्रम

सर्वांचं वाचलं. चांगलं लिहिलंय. पण मला हा प्रकार पटत नाही, आणि तुम्ही बोलावलंय म्हणून सांगतो.

मी १९७५ ला भरती झालो. बँडात उभं राहून वाजवणं म्हणजे काय, ते सांगतो. थंडीत ड्रमचं कातडं ताणतं, पावसात ढिलं पडतं. समोरचा पायपर, म्हणजे मशकबीन वाजवणारा, दमला की त्याचा श्वास पाठीवरून दिसतो, मग आपण काठी किंचित हलकी करायची. तो मला बघत नाही, पण त्याला कळतं. वाजवणं हे असं असतं, एकानं दुसऱ्याला सांभाळणं. पडद्यावरची माणसं कुणाला सांभाळणार? वादकांचा ताफा जिवंत आहे, मान्य. पण तो चित्राच्या वेळेला बांधलेला. चित्र एक मात्राही थांबणार नाही.

गाणं मात्र मलाही ‘फर्नांडो’च. १९७७ ला पूर्वेकडं पोस्टिंग होतं, तिथं मेसमध्ये एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याकडं तबकडी होती. त्यात लांबून येणारा साइड ड्रम आहे, कूच करणाऱ्या पायांसारखा, आणि वर बासरी. दोन म्हातारे सैनिक जुन्या लढाईची रात्र आठवतात असं ते गाणं आहे, हे मला त्यानंच समजावून सांगितलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, म्हातारा सैनिक म्हणजे काय ते कळत नव्हतं. आता त्या सहकाऱ्याचा पत्ता माझ्याकडं नाही.

वडगाव, शिवणकाम

मी मोठं लिहीत नाही. आमच्या घरी हातमाग होता, आता शिलाई मशीन आहे. ऑर्केस्ट्रावाल्यांचे चमकीचे ब्लाऊज, पँटी माझ्याकडेच येतात. सॅटिन सुईखाली घसरतं, त्याला खाली कागद घालून शिवावं लागतं आणि मग कागद फाडून काढायचा. त्यामुळे ॲबाचे १९७४ चे फोटो बघितले की मला पहिल्यांदा शिवणाराच आठवतो. स्वीडनमध्ये म्हणे असा कायदा होता की रोज रस्त्यावर घालता येणार नाहीत इतके भडक कपडे असले, तर तो धंद्याचा खर्च धरून करात सूट मिळायची. ब्यॉर्नने स्वतः सांगितलेलं आहे हे.

नवीन जलशाचा तुकडा नातवाने दाखवला. त्यात मी नाचाकडे बघितलंच नाही, बाहीच्या घेराकडे बघितलं. हात वर गेला की कापड कोपरावर आधी दुमडतं, मग घसरतं. तसंच घसरत होतं. ज्याने ते संगणकावर केलं त्याने कधीतरी कापड हातात घेऊन बघितलेलं असणार.

फ्रीडाला तिच्या आजीने वाढवलं, नॉर्वेतून स्वीडनला नेऊन. मलाही आजीनेच वाढवलं. म्हणून ती माझी आवडती. गाणं ‘मनी, मनी, मनी’, ते तीच म्हणते.

चिकोडी, हायस्कूल शिक्षिका

घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, गल्लीत दोन्ही. अशा घरातली मी. नववीत असताना माझ्या मैत्रिणीच्या मामाने आखातातून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकात, आणला, त्याबरोबर ॲबाच्या दोन कॅसेट. आम्हा दोघींना इंग्रजी वाचता येत होतं, पण ऐकून शब्द पकडता येत नव्हते. म्हणून आम्ही शब्द न कळता नुसता उच्चार लिहून काढायचं ठरवलं. मी देवनागरीत, तिने कन्नडमध्ये. एकेक ओळ वीस वीस वेळा मागे घेऊन.

शेवटी दोघींनी वह्या समोर ठेवून गायलं, तर तिचं माझ्यापेक्षा बरोबर यायचं. मला राग यायचा. खूप नंतर, डी.एड.ला असताना कारण समजलं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ अशी वेगवेगळी अक्षरं आहेत, आपल्या मराठी लेखनात नाहीत. तिच्या लिपीत त्या गाण्याचे स्वर मावत होते, माझ्या लिपीत सांडत होते. मग मी तिच्याकडून तेवढी चिन्हं उसनी घेतली. माझ्या वहीत ‘एस ओ एस’ हे गाणं देवनागरीत आहे आणि मध्येच कन्नड मात्रा आहेत. ती वही अजून आहे.

म्हणून मला ॲबात सगळ्यात जवळची वाटते ती ही गोष्ट, की ती त्यांची भाषा नव्हती. चौघंही स्वीडनमध्ये वाढलेली, इंग्रजी शिकून घेतलेली. युरोव्हिजन स्पर्धेत आधी देशाच्याच भाषेत गायचा नियम होता, तो १९७३ मध्ये सैल झाला, आणि ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनमध्ये त्यांनी ‘वॉटर्लू’ इंग्रजीत म्हणून स्पर्धा जिंकली. ‘फर्नांडो’ तर आधी फ्रीडाने स्वीडिशमध्ये गायलं होतं, त्याचे शब्द निराळे होते, प्रेमभंगाचे. नंतर स्पॅनिशमधला अख्खा अल्बम काढला तेव्हा अग्नेथा-फ्रीडांना ती भाषा येत नव्हती, उच्चार शिकून गायल्या. हे वाचलं तेव्हा मी माझी वही काढून बघितली. त्यांच्याही अशाच वह्या असतील.

आपल्याकडे भाषेवरून किती बोललं जातं, मी त्यात शिरत नाही. पण दुसऱ्याची भाषा तोंडात बसवायला जी मेहनत लागते, ओठ दुखेपर्यंत, ती मला माहीत आहे. त्या मेहनतीतून प्रेमच तयार होतं, दुसरं काही नाही. मैत्रीण आता हुबळीला असते. तिच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघींनी ‘एस ओ एस’ म्हटलं, वही न बघता.

निपाणी, बारावी

मी या गप्पांत सगळ्यात लहान असेन. माझी सुरुवात हात्सुने मिकूपासून झाली. ती जपानची, २००७ मध्ये आलेलं आवाज तयार करण्याचं सॉफ्टवेअर, तिचेही स्टेजवर कार्यक्रम होतात आणि लोक हिरवट उजेडाच्या काड्या हलवतात. नंतर कोरियाचा प्लेव्ह हा ग्रुप, २०२३ चा. त्यात पाच कार्टूनसारखी मुलं दिसतात, पण त्यांच्यामागे त्याच वेळी खरी माणसं हलत-बोलत असतात.

तेव्हा हिंडलग्याच्या आजोबांना सांगायचं होतं, अवतार सगळे सारखे नसतात. मिकूमागे कुणी म्हातारं होणारं माणूस नाही. प्लेव्हमागे आहे, पण ते चेहरा दाखवत नाहीत. ॲबाचं वेगळं, कारण तिथे माणसं आहेत, चेहरे माहीत आहेत, आणि वय झालंय हे लपवलेलं नाही. शेवटी चौघं आजच्या वयाची होऊन नमस्कार करायला येतात, असं मी वाचलं. मिकू कधीच तशी येणार नाही. हे वाचल्यावर मी ॲबा ऐकायला लागले. ‘ले ऑल युवर लव्ह ऑन मी’.

*(धागा सुरू करणारी: हो बाळ, येतात. ‘द विनर टेक्स इट ऑल’ झाल्यावर. त्या वेळी सभागृहात एकही माणूस बसलेला नव्हता.)*

शहापूर, संगीत शिक्षक

मला जन्मापासून दिसत नाही. माझी विद्यार्थिनी हे सगळं मला वाचून दाखवते आहे आणि मी सांगतोय ते लिहिते आहे. बट, बाही, खांद्यावरचा उजेड, हे सगळं ऐकून मला आनंद वाटला. पण माझ्या दृष्टीने ही चौघं कायमच अशी होती, शरीराशिवाय, नुसता आवाज. तुम्हा सगळ्यांना आता तो अनुभव येतो आहे.

मला ‘द विनर टेक्स इट ऑल’वर बोलायचं आहे, कारण मी ते शिकवतो. होय, हार्मोनियमच्या वर्गात. १९८० चं गाणं. त्यात स्वररचनेचे दोनच तुकडे आहेत, तेच पुन्हा पुन्हा येतात. साध्या कानाला वाटेल की काही घडतच नाही. पण बेनीचा पियानो मागे एक उतरती ओळ वाजवत राहतो, पायऱ्या उतरल्यासारखी, आणि तळाला पोचला की पुन्हा वरून उतरायला लागतो. आवाज वर चढायला बघतो आणि पियानो खाली ओढतो. विद्यार्थ्यांना मी डाव्या हाताने ती उतरण वाजवायला लावतो आणि तोंडाने गाणं गुणगुणायला लावतो. पहिल्या दिवशी एकालाही जमत नाही. हात तोंडाच्या मागे पळतो.

आणि अग्नेथा. पहिली कडवी ती जवळजवळ बोलते. जोर लावत नाही. पुढे जिथे तिसऱ्या कुणाबद्दल विचारायची वेळ येते तिथे शब्द किंचित आधी सुटतो, तालाच्या आधी. केसाएवढाच. कुमारजींच्या गाण्यात असं होतं, दम पुरणार नाही अशा जागी ते स्वर आधीच सोडून देत, आणि ती सोडलेली जागाच मनात राहते. आजारपणाने फुप्फुस गेल्यावर त्यांनी गाणं नव्याने बांधलं. अग्नेथाचं काय गेलं होतं ते जगाला माहीत होतं. तिचा आणि ब्यॉर्नचा घटस्फोट झाला, शब्द ब्यॉर्ननेच लिहिले होते, आणि ते तिला गायला दिले. आमचं तसंच घडलं नव्हतं असं तो पुढे सांगत आला. पण गाणारीला ते म्हणावं लागलं, एका खोलीत, काचेपलीकडे तो असताना.

हिंडलग्याच्या दादांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. चित्र थांबणार नाही, हे खरं. पण ध्वनिमुद्रणही कधी थांबलं नाही. १९८० साली तिने जिथे शब्द आधी सोडला, तिथेच तो आजही सुटतो, आणि मी रोज तिथे तयार राहतो. सांभाळायचं काम ऐकणाऱ्याकडे आलं आहे, इतकंच.

यळ्ळूर, सध्या बेंगळुरूत नोकरी

माझी आई चौथी शिकलेली. शेती भाताची, तीही बासमती. मी सुट्टीला गेलो की तिच्याजवळ बसून फोनवर गाणी लावतो, ती सूप घेऊन तांदूळ पाखडते. ॲबा तिला ‘त्या दोघी बाया’ म्हणून माहीत.

मागच्या दिवाळीत ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ लागलं. १९८१ च्या अल्बममधलं, लंडनच्या जलशात ते नाही. आईचं सूप थांबलं. विचारलं, ही काय म्हणायली? मी सांगितलं, लेक दप्तर घेऊन सकाळी शाळेला निघालीय, आई बघत उभारलीय, एवढंच. ब्यॉर्नने आपली मुलगी शाळेला जाताना बघून लिहिलं आणि तिच्या आईनं, अग्नेथानं गायलं.

आई जरा वेळानं म्हणाली, तुला मी कधी शाळंला सोडायलाच आले नाही, त्या वक्ताला रोप लावणी असायची. मी म्हटलं, अगं वेशीपर्यंत तर यायचीस की. तिला ते आठवत नव्हतं. मला आठवतं: पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, हातात रोपांची पेंढी, आणि वेशीवरच्या चिंचेखाली थांबायची. तिथनं पुढं मी एकटा जायचो. मागं वळून बघितलं की ती असायचीच.

मग तिनं विचारलं, ती लेक आता केवढी असंल? मी सांगितलं, पन्नाशी ओलांडलीय. "बरी हाय न्हवं?" म्हणाली. हाय, म्हटलं. मग पुन्हा पाखडायला लागली.

उद्यमबाग, एलईडीवाला, पुन्हा

यळ्ळूरच्या भावाचं वाचून दुकानात बसवेना, बाहेर जाऊन आलो.

एक सुचवतो. लग्नसराई संपली की माझी वॉल गोदामात नुसती पडून असते. एखाद्या रविवारी या सगळे. चित्र नको, भिंत बंदच ठेवू. स्पीकर चांगले आहेत. ताईंची ‘आबा’ची कॅसेट ऐकू या. कुंदा माझ्याकडून.

*(धागा सुरू करणारी: कॅसेट आहे, आवाज थोडा कापतो. पण आमचा टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला. वाजवायची कशावर?)*

हिंडलगा

माझ्याकडं टू-इन-वन आहे. चालू स्थितीत, दर महिन्याला हेड पुसतो. मी घेऊन येतो. चिकोडीच्या बाईंनी वही आणावी. संगीत मास्तरांना न्यायला माझा नातू गाडी घेऊन येईल, घराची खूण कळवा.

शहापूर

खूण कळवली आहे. एकच विनंती, ‘फर्नांडो’ संपल्यावर कॅसेट बंद करू नका.